विहिरीवरचा कंप्युटर

माझ्या भाच्याने परवा एक टी-शर्ट आणला. छातीवर इंग्रजीत मोठ्ठ्या अक्षरात, मी नर्ड आहे. मी म्हटलं, बाबा रे, तू दिवसभर लोळून गेम खेळतोस, तुला ही पदवी दिली कुणी? तर म्हणतो कसा, मामा, ज्याला कंप्युटर आवडतो त्याला नर्ड म्हणतात. इथे माझं डोकं फिरलं. कंप्युटर आवडणारी माणसं मी वसईत पोत्याने पाहिली आहेत. मीही त्यातलाच. पण नर्ड म्हणाल तर उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याने जन्मात कधी टी-शर्ट घातला नाही. तो बाह्यांचा बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा घालून वसईतल्याच पापडी गावात केळीच्या वाडीत राहायचा. साठी उलटलेली, तोंडात पान, आणि नात्याने आमचा घरमालक.

आम्ही म्हणजे मी आणि माझा भागीदार. मी एव्हरशाईन सिटीत राहणारा, मूळचा कोकणातला. तो पापडीचाच, ख्रिस्ती, रविवारी चर्चमध्ये कॉयरला ऑर्गन वाजवणारा. दोघांनी मिळून कंप्युटर क्लास काढायचं ठरवलं तेव्हा पापडीत रस्त्याला लागून दोन खोल्या मिळाल्या. पूर्वी तिथे केळ्यांचे घड पिकत घालायचे. भिंतींना तो गोडसर वास शेवटपर्यंत राहिला. मागे सगळी वाडी, केळी, पानवेली, दोन-चार सोनचाफ्याची झाडं, टोकाला विहीर, आणि मध्ये घरमालकांचं, म्हणजे काकांचं घर. काकांनी खोल्या देताना एकच अट घातली होती. एक मशीन त्यांना उघडून बघू द्यायचं.

आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याची हौस आहे, एकदा बघेल आणि गप्प बसेल. कसलं काय! काका रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, पानाचा डबा काखेत मारून हजर. आम्ही त्यांना आमचं सगळ्यात जुनं मशीन कोपऱ्यात लावून दिलं. त्याचं झाकण त्या दिवशी जे निघालं ते पुन्हा कधी बसलं नाही.

आता इथे मला जरा नीट सांगू द्या, कारण भाच्याला मी हेच सांगत होतो आणि तो ऐकत नव्हता. आम्हाला कंप्युटर आवडायचा म्हणजे काय, तर त्याच्यावर काहीतरी करायला आवडायचं. माझ्या भागीदाराला गाणी बसवायची होती. मला प्रोग्रॅमिंग शिकून नोकरीला लागायचं होतं. पोरांना मोटारींची शर्यत खेळायची होती. काकांना यातलं काहीही करायचं नव्हतं. मी त्यांना पहिल्या दिवशी स्वतःचं नाव टाइप करायला लावलं. सगळे म्हातारे त्याने खूश होतात. काकांनी एक बटण दाबलं, पडद्यावर एक अक्षर उमटलं आणि ते थांबले. म्हणाले, हे इथून तिथे गेलं कसं? मी म्हटलं, वायरमधून. ते म्हणाले, वायर मला पण दिसते, अक्षर कसं गेलं ते सांग. मला सांगता येईना. पुढचे कित्येक दिवस काका त्या एका अक्षराच्या मागे होते. नाव टाइप करायचं राहूनच गेलं.

मदरबोर्डबरोबर एक बारीक अक्षरातली पुस्तिका येते. जगात कुणी ती वाचत नाही. काकांनी ती पोथीसारखी पाटावर ठेवून, बोट फिरवत, अर्थ लागेना तिथे शब्दकोश घेऊन वाचली, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून धरली. मग त्यांचं व्याकरण सुरू झालं. डब्याला कुणी सीपीयू म्हटलं की काका खुर्चीतून उठायचे. सीपीयू ही आतली चिप, डब्याला डबा म्हणा, हे त्यांनी क्लासला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. प्रवेशाची चौकशी करायला आलेल्या बायकांना सुद्धा. निम्म्या घाबरून परत गेल्या. भागीदार वैतागून म्हणायचा, या माणसाला आपण जागेचं भाडं देतो की हा आपलं गिऱ्हाईक घालवायचं भाडं घेतो?

दसऱ्याला आम्ही मशीनांची पूजा केली. झेंडूच्या माळा, नारळ, सगळं रीतसर. काकू घरातून कुंकवाचा करंडा घेऊन आल्या आणि पहिल्या मशीनला बोट लावणार तोच काका आडवे आले. कुंकू आतल्या पंख्यात गेलं तर पंखा बसेल! मग कागदाच्या चौकोनावर कुंकू लावून तो कागद डब्यावर चिकटवायचा, असा तोडगा निघाला. काकू म्हणाल्या, लग्नात माझ्या कपाळाला पण कागद लावायचा होता मग. काकांनी त्यावर खरंच थोडा विचार केला असावा, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

आमच्या क्लासचा एक नियम होता. तो भागीदाराने पुठ्ठ्यावर लिहून दारावर टांगला होता: चालत्या सिस्टिमला हात लावू नये. हा नियम सगळ्यांसाठी असला तरी लिहिला होता फक्त काकांसाठी. कारण बिघडलेल्या मशीनमध्ये काकांना गोडी नव्हती. बिघडलेलं काय, कुणीही उघडतो. धडधाकट चालणारं मशीन उघडून, हा तुकडा काढला तर ते काय करेल, तो काढला तर काय विसरेल, हे बघण्यात त्यांचा जीव होता. पुठ्ठा वाचून ते म्हणायचे, अरे, चालत्यालाच तर विचारता येतं, मेलेलं काय सांगणार? आणि स्क्रूड्रायव्हर घ्यायचे.

असंच एकदा त्यांनी आपल्या मशीनमधला सेल काढला. नाण्याएवढा चपटा सेल असतो. लाइट गेली तरी मशीनला वेळ आणि स्वतःच्या चार गोष्टी आठवाव्यात म्हणून. तो काढल्यावर मशीन कितपत विसरतं हे काकांना बघायचं होतं. बघितलं, समाधान झालं, आणि सेल गेला पानाच्या डब्यात, चुन्याच्या डबीशेजारी. पान लावताना कुणी समोर असलं की तो दोन बोटांत धरून दाखवायचे, एवढ्याशा वस्तूत त्याची सगळी आठवण आहे बघ. सेल परत बसवायचं मात्र राहिलं. सेल नसला की मशीन सुरू होताना मध्येच थांबतं, एफ-वन दाबा म्हणतं, दाबलं की पुढे जातं. आम्ही सगळेच ते मशीन सुरू करताना एफ-वन दाबायचो. इतक्या वेळा दाबलं की आपण दाबतो आहोत हेही कळेनासं झालं. चपला काढताना कुणी विचार करतो का?

रविवारी चर्च सुटलं की आमच्याकडे अड्डा भरायचा. वसई-विरारमधले सगळे कंप्युटरवेडे. कुणाकडे नवीन मॉडेम, कुणी लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं कार्ड, फुलपाड्याहून एक जण तर सीड्यांची पिशवी खांद्याला लावून यायचा. बोलणं एकच, तुझ्याकडे काय, माझ्याकडे काय. काका कोपऱ्यात झाकण काढलेलं मशीन घेऊन बसलेले. पोरं त्यांना चिडवायची, काका, अजून ते एक अक्षरच का? काका म्हणायचे, दुसऱ्यावर आलोय. पोरं हसायची, आणि खरं सांगू, मीही हसायचो. पण घरी जाताना मला काकांचा हेवा वाटायचा. आम्हाला सतत नवीन वस्तू लागायची. या माणसाला ती एकच पुरत होती.

मग काका विहिरीवर पडले. वाडीला पाणी मोटारीने द्यायचं, आणि लाइटचा भरवसा नाही. दुपारी जायची ती कधी येईल ती. आली की उठून वाडीच्या टोकाला जायचं, मोटार लावायची, वेळेवर बंद करायला परत जायचं. काकांचे गुडघे कुरकुरत होतेच. शेवाळावरून पाय सरकला आणि विहिरीच्या काठावर आपटले. आत गेले नाहीत हे नशीब.

मुलगा बोरिवलीहून धावत आला. बँकेतला सरळ माणूस, बापावर जीव असलेला. वाडीला एका बिल्डरची मागणी आधीपासून होती. आजवर मुलाने तो विषय काढला नव्हता. त्या दिवशी ओटीवर बसून काढला. म्हणाला, बाबा, वाडी राहिली तर तुम्ही विहिरीवर जाणार, आणि विहिरीवर गेलात तर एक दिवस मला फोन येणार. मला वाडी नको. आपण विकू, तुम्ही दोघं माझ्याकडे चला. काकूंनी पदर तोंडाला लावला. काकांनी वाडीकडे पाहिलं. तीन पिढ्यांच्या पानवेली होत्या त्या. शेवटी म्हणाले, मी विहिरीवर पाऊल न टाकता वाडी हिरवी ठेवली तर? मुलगा म्हणाला, कशी ठेवणार? काका म्हणाले, कंप्युटर मोटार चालवेल. उन्हाळ्यात ये आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ. नाही जमलं तर कागदावर सही करतो. मुलाने आमच्याकडे असं बघितलं, जणू हे खूळ आम्हीच त्यांच्या डोक्यात भरलं होतं. भरलं होतंच म्हणा.

रविवारी अड्ड्यात ही बातमी फुटली तेव्हा सगळे हसून हसून लोळले. कारण तुम्हाला सांगतो, लाइट आली की मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो-स्विच हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतो. अर्धी वसई तो वापरते. मी काकांना तसं म्हटलं. काका म्हणाले, तो स्विच मी उघडून बघितलाय. त्यात विचारण्यासारखं काही नाही. बोला आता! वाडी पणाला लागलेली आणि हा माणूस म्हणतो, त्यात विचारण्यासारखं काही नाही. मी त्या दिवशी काकांवर खराच चिडलो. काकूंसाठी चिडलो.

पण बसवून दिलं. ते कोपऱ्यातलं जुनं मशीन पंपाच्या खोलीत गेलं, काळापांढरा मॉनिटर आणि कीबोर्डसकट, वर प्लॅस्टिकचं मेणकापड. प्रिंटर जिथे लावतात तिथून वायर काढून काकांनी ती मोटारीच्या स्टार्टरला जोडली. प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला. लाइट आली की मशीन उठणार, व्होल्टेज स्थिर होईपर्यंत थांबणार, मोटार लावणार, वेळ झाली की बंद करणार. पहिल्या चाचणीला काका मेणकापड बाजूला करून उभे राहिले, बटण दाबलं, कीबोर्डवर सवयीने बोट गेलं, आणि मोटार धडधडली. पाटाला पाणी आलं. भागीदाराने छातीवर क्रॉसची खूण केली. काकू मागे पदर खोचून सगळं बघत उभ्या होत्या.

त्यानंतर काका खरंच विहिरीवर गेले नाहीत. हिवाळा गेला, शिमगा गेला, केळी हिरवीगार. लाइट आली की मोटार लागायची. क्लासमध्ये बसून आम्हाला तो आवाज ऐकू यायचा आणि काका मान हलवायचे. अड्ड्यातली पोरं विहिरीवरचा कंप्युटर बघायला येऊ लागली. ऑटो-स्विचचं नाव कुणी काढेना.

मे महिन्यात मुलगा आला, बायकोला घेऊन. दुपारची लाइट गेलेली. आम्ही दोघंही क्लास बंद करून ओटीवर जाऊन बसलो. काकूंनी कोकम सरबत दिलं. मुलगा म्हणाला, लाइट येईल तेव्हा येईल, मी थांबतो. काका पान लावत होते.

वरचा पंखा फिरला. लाइट आली. सगळे कान वाडीच्या टोकाला. आणि काकू उठल्या, म्हणाल्या, कढीपत्ता आणते जरा. मला त्यांचा राग आला. मुलाबापाचा निकाल लागतोय आणि या बाईला आत्ता कढीपत्ता! माझ्याने बसवेना. मशीन आमचं होतं, दगा दिला तर तोंड दाखवायला जागा नव्हती. मी चूळ भरायचं निमित्त करून मागच्या दाराने वाडीत सटकलो.

पंपाच्या खोलीचं दार उघडं होतं. आत काकू. मेणकापड बाजूला सारलेलं, पडद्यावर एफ-वन दाबा असं लिहिलेलं, आणि काकूंचं बोट कीबोर्डच्या वरच्या कोपऱ्यावर. त्या बटणावर कुंकवाचा टिळा होता. नुकताच लावलेला नव्हे, रोज बोट लागून लागून पुसट झालेला. त्यांनी ते दाबलं, मशीन पुढे गेलं, आणि थोड्या वेळाने मोटार धडधडली.

मला पानाचा डबा आठवला. सेल! अख्ख्या वसईतले कंप्युटरवेडे आमच्याकडे जमायचे, आणि हे मशीन आपोआप उठूच शकत नाही हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. आमच्या सगळ्यांच्या बोटांना ती सवय होती ना. काकूंच्या बोटाला नव्हती. पहिल्याच दिवशी लाइट आली आणि मोटार लागली नाही, हे झोपले होते म्हणून मी आले बघायला, त्या सांगत होत्या. चाचणीच्या वेळी यांनी कोपऱ्यातलं बटण दाबलेलं त्यांनी पाहिलं होतं. तेच दाबलं. पुन्हा चुकू नये म्हणून खूण केली. तेव्हापासून रोज.

मी विचारलं, "काकू, मोटारीचं हिरवं बटण इथे हाताशी आहे. तेच का नाही दाबलं? एवढ्याला कंप्युटर कशाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच खुळा. "मग मोटार मी लावली असं होईल ना रे. यांनी पोराला सांगितलंय, कंप्युटर लावतो. मी फक्त त्याला उठवते." आणि मग, हळू आवाजात, "यांना सांगायचं नाय."

खोलीबाहेर येऊन त्यांनी खरोखरच कढीपत्ता तोडला. मी ओटीवर परतलो तेव्हा मुलगा उभा राहून पाटाचं पाणी आळ्यांत उतरताना बघत होता. बराच वेळ बघितलं त्याने. मग बापाजवळ येऊन म्हणाला, ठेवा वाडी. काकांनी त्याला पान पुढे केलं. तो पान खात नसे, पण त्या दिवशी खाल्लं.

मी कुणाला काही सांगितलं नाही, भागीदाराला सोडून. तो म्हणाला, नवा सेल आणून गुपचूप बसवून टाकू. मी म्हटलं, काकूंना विचारल्याशिवाय नको. मग मला पुण्याला नोकरी लागली, क्लास बंद झाला, भागीदार लग्नांत वाजवायला लागला आणि ते राहूनच गेलं.

बऱ्याच वर्षांनी पापडीला गेलो. अड्ड्यातला एकही जण आता कंप्युटरवेडा राहिलेला नाही; सगळे कंप्युटरवर काम करतात, म्हणजे कंटाळलेले आहेत. काका ओटीवरच. आता पाठीत वाकलेले, हातात भिंग, समोर कुठल्याशा मोबाइलचं पोट फाडलेलं. मला बघून नमस्काराच्याही आधी म्हणाले, ये, हे बघ, अक्षर कसं जातं ते यात अगदी निराळं आहे. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. काकू आत वरण फोडणीला टाकत होत्या. केळी हिरवीगार होती.

वर पंखा फिरायला लागला. आतून भांड्याचा आवाज थांबला. काकू हात पुसत बाहेर आल्या, म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण चाल तीच. मला बस म्हणाल्या, कढीपत्ता आणते. आणि वाडीत गेल्या.

आता मला राहवेना. वाटलं, किती दिवस या माऊलीने खेटे घालायचे. मी काकांना म्हटलं, "काका, त्या विहिरीवरच्या मशीनला मी एक नवा सेल आणून बसवतो."

काकांनी भिंग खाली ठेवलं. पानाचा डबा ओढला, उघडला आणि चुन्याच्या डबीशेजारून दोन बोटांत तो जुना सेल काढून मला दाखवला.

"पहिल्याच आठवड्यात कळलं मला. लाइट आली की हिला कढीपत्ता आठवतो. इतका कढीपत्ता कोण खातं रे?"

या माणसाने आयुष्यात एकही गोष्ट न उघडता सोडली नव्हती. मी विचारलं, मग इतकी वर्षं बसवला का नाहीत?

वाडीच्या टोकाला मोटार लागली. काकांनी मान हलवली, सेल परत डब्यात ठेवला.

"तुमचाच नियम," ते म्हणाले. "चालत्या सिस्टिमला हात लावू नये."

आणि पानाला चुना लावायला घेतला.